यादीवरचा लाल शिक्का

उरायासु, जपान, रविवार, संध्याकाळ

सकाळी आमच्या ॲपवर अमेरिकन कॉलेज फुटबॉलची जी मॅच लाइव्ह गेली, तिचे प्रक्षेपणाचे हक्क आमच्या कंपनीकडे नव्हतेच! यजमान कॉलेज यंदा दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या दुसऱ्या गटात गेलंय, आणि त्या गटाच्या मॅचेसचं जपानमधलं प्रक्षेपण दुसऱ्या कंपनीकडे आहे. मी गाढवासारखी दाखवायच्या मॅचेसची गेल्या वर्षीचीच यादी कॉपी केली. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. नोकरी गेली तर व्हिसाचं काय?

आमचे साहेब, मोरी-सान, यादी तपासताना हसून म्हणाले होते, "कुलकर्णी-सानची यादी ना? मग बघायलाच नको." आणि न वाचताच माझ्या सहीखाली स्वतःच्या नावाचा, मंजुरीचा लाल शिक्का मारला.

तो शिक्का डोळ्यांसमोरून हलत नाही. मी चूक कबूल केली, की लगेच त्या दुसऱ्या कंपनीकडे माफी मागायला तेच जाणार. साठीचे आहेत. माझ्या चुकीसाठी कमरेत वाकतील, माझ्याही आधी.

फोन हातात आहे. त्यांचा नंबर लावायचं धाडस होत नाही.