पाळीवरची लढाई

बाबा, मी हल्ली काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा साकोलीतल्या आपल्या घरात कॉम्प्युटरही नव्हता. आता मी त्याच्यावर लढायांचे नकाशे काढते. एक खेळ असतो. चार-पाच जण आपापल्या घरी बसून इंटरनेटवर भेटतात, एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. लढाई आली की पडद्यावर माझा नकाशा उघडतो, वरून पाहिल्यासारखं जंगल नाहीतर किल्ला, त्यावर चौकोनांची जाळी. फासे टाकत, सोंगट्या सरकवत ते लढतात.

तुम्ही नाटकांचे पडदे रंगवायचे. धान निघालं की झाडीपट्टीतली नाटकमंडळी पडदे रंगवून घ्यायला आपल्या अंगणात येऊन बसायची. एका वर्षी तुम्ही जंगलाचा अख्खा पडदा माझ्यावर सोपवला. मी त्यात सागवान भरले, धबधबा भरला आणि अगदी मधोमध मोठं शिंगाळं हरीण काढलं. तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकून येता, बघता आणि हसू दाबता. "लय सुंदर काढलं व माय. पण मधात राजा उभा राहीन, त हे शिंगं त्याच्याच डोक्शावर दिसतीन ना!" मी भोकाड पसरते. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "पोरीले कायले रडवून राहिले?" तुम्ही फिक्या हिरव्या रंगाचा डबा माझ्यापुढे सरकवता. "मधात मोकळं ठेव. तिथं माणसं येतेत." ते हरीण मी रडत रडतच पुसलं.

परवा पुण्याच्या एका मुलीने गावाबाहेरच्या तलावाचा नकाशा मागितला. ती असे खेळ चालवते. मी आपलाच तलाव काढला. काठाच्या उंच पाळीवर मोह, पळस, वाळत घातलेली मासेमारीची जाळी, खाली धानाच्या शेतांच्या बांध्या. कुठे बोट ठेवायला जागा सोडली नाही. तिचा फोन आला. "ताई, फार देखणा झालाय, पण माझे लढवय्ये उभे कुठे राहणार?" मी एवढी हसले की ती बिचारी माफीच मागायला लागली. मग अर्धी झाडं काढली, पाळ रुंद केली.

रविवारी दुपारी तिने मला इंटरनेटवरच खेळ ऐकायला बोलावलं. पाळीवर दरोडेखोर, बांध्यांमधून आमचे चौघे. त्यातल्या एकाने सरळ तलावात उडी घेतली. पाणी किती खोल, हे कोणालाच ठाऊक नाही. "ताई, तुम्हीच सांगा." माझ्या तोंडून निघालं, "काठाले कमरेएवढं हाय, पण मधात बुडशील रे बाबू!" सगळे हसत सुटले, आणि तोच त्या जगाचा नियम ठरला. तो गडी चिखलात रुतला. बाकीच्यांनी वाळत घातलेली जाळी उचलून दरोडेखोरांवर फेकली. लढाई संपल्यावरही कोणी पाळ सोडेना. मासे भाजून खाऊ म्हणाले, आणि खरंच, खोटे खोटे मासे खात बसले. बाजूला आई वांगी चिरत होती. तिने विचारलं, "कोन जितलं?" मी म्हटलं, "आपलेच."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगून टाकते. त्या फाशांचा हिशेब मला अजून काडीचा कळत नाही. लढाई संपली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मीही वाजवल्या.