शेरा : घर बंद

सोमवार
वही आणून बारा दिवस झाले, मुहूर्त आज लागला. आळस, दुसरं काय! वर्षातली ही माझी चौथी नोकरी : घरोघरी बिनतारी वीजमीटर बसवायचे. भाड्याची खोली झकास, खाली मालकीणबाई, खिडकीतून टाकीवरची कबुतरं दिसतात. मुकादमकाका म्हणजे वल्ली. शेरे तीनच, म्हणाले : 'बसवला', 'नकार', 'घर बंद'. नकार आला की चार पानी अर्ज लिहायचा. घर बंद असलं तर मीटर बाहेरून ठोकून मोकळं व्हायचं.

बुधवार
गल्लीच्या टोकाला एक आजी राहतात, एकट्याच. खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. म्हणाल्या, त्या लहरी माझ्या उशाशी नकोत, डोकं भणभणतं. मी हसून विचारलं, मोबाइल बरा चालतो? तर म्हणाल्या, तो मला बंद करता येतो, बाळा. पण चार पानं कोण खरडणार? त्यांचा डोळा लागल्यावर भिंतीच्या बाहेरून मीटर ठोकला आणि शेरा मारला : घर बंद.

शुक्रवार
काका सहज बोलून गेले. बंद घरांची लाइट सोमवारी कचेरीतूनच तोडतात म्हणे, बसल्या जागी, एका बटणावर. आजींचं यंत्र त्याच लाइटवर चालतं! खरं सांगावं तर नोकरी जाते. उद्या गुपचूप शेरा बदलतो.

रविवार
काल निघालो होतो. वाटेत फुटबॉलची मॅच लागली, तिथेच रमलो. पोचलो तोवर कचेरीला कुलूप. उद्या पहिलं काम हेच.

सोमवार
उठायला उशीर झाला. अकराला कचेरीत पोचलो. यंत्र दहालाच थांबलं होतं. आजीही.

मंगळवार
डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. लेक रडत होती, मीटरनेच मारलं माझ्या आईला. लोकांनी समजूत घातली, अगं, लहरींनी कोणी मरतं का. मीही मान डोलावली. मी!

गुरुवार
कचेरीच्या पडद्यावर त्यांचा मीटर. लाइट तोडलेली, घरात कोणी नाही — तरी आकडा चढतोय. चढतो, थांबतो, चढतो. धाप लागल्यासारखा. काका म्हणतात, नग खराब असेल, काढून आण.

शुक्रवार
आणला. खोलीत टेबलावर आहे. एक वायर जोडलेली नाही — तरी चढतोय. डोकं भणभणतंय. लेकीला सांगून टाकायला हवं — आजच —

दुपार
नाही सांगितलं. आकडा एकदम थांबला. मालकीणबाई खालून ओरडतायत — कोणी आजी आल्यात, दम लागलाय, तरी जिना चढतायत, बाळाला भेटायचंय म्हणे — मी घरात नाही म्हणून सांगा, असं ओरडणार तोच दारा—