खुंटीवरची शिट्टी

भाऊजी,

बेकरीतून आलात की आधी हे वाचा, चहा मग. तुमचे दादा सकाळी "जरा नदीपर्यंत उतरून येतो" म्हणाले. मी भांडी घासत होते, "बरं" म्हटलं. बरं म्हटलं मी, भाऊजी! लोकांना त्या घळीतून नदीवर नेऊन आणायचं हेच त्यांचं काम, पण गेल्या वर्षी गटातली ती मुलगी वाहून गेली तेव्हापासून ते तिकडे फिरकलेले नाहीत. नदीचं नाव काढलं तरी ताटावरून उठतात.

नंतर बघते तर बूट दारातच. फोन आणि घड्याळ फळीवर नीट ठेवलेलं. आणि शिट्टी खुंटीला. शिट्टीशिवाय कुणाला त्या वाटेवर पाऊल टाकू न देणारा माणूस साध्या चपला घालून गेलाय.

वनचौकीला फोन केलाय, त्यांची माणसं निघालीत. मी पुढे जातेय. आईंना गोळी द्या, दादा बाजारात गेलेत म्हणा आणि दोर घेऊन मागोमाग या.

शिट्टी माझ्या गळ्यात आहे. "चुकलात तर जागेवर थांबा, तीनदा वाजवा, मी असेन तिथून येतो," असं ते सगळ्यांना सांगतात ना? मी उतरताना वाजवत राहीन. शिट्टी ऐकून ते आले नाहीत असं कधी झालं नाही. त्या मुलीसाठीही धावले होतेच, फक्त उशीर झाला.

आज मला झाला नसला म्हणजे मिळवलं.

वहिनी