टाकी दोन इंच वर

दादा,

गाडी चालू करू नकोस. तू परगावी गेलास आणि मी आपल्या क्रूझर बाइकची टाकी पुढून दोन इंच उचललीच. दिसली झक्कास, पण पेट्रोलचा पाइप ताणला जाऊन इंजिनवर गळतोय. कॉक बंद केलाय. गेटातून वळवताना हँडल टाकीवर आपटलं. तू हाताने रंगवलेल्या पट्ट्यावरच पोचा पडलाय.

"आधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ," तू म्हणाला होतास. मी सगळ्या गॅरेजसमोर तुला भित्रा म्हणालो. अक्कल माझीच गहाण होती.

पोच्याला हात लावलेला नाही. टाकीचे जुने बोल्ट सीटवर ठेवलेत. सहाला कामावरून येतो, तोवर एकटा काही उघडू नकोस. पाना तू चालव, मी नुसती टाकी धरून उभा राहतो.

धाकटा