उकव्याच्या तीन बाटल्या

बालाघाट,
गुरुवार सकाळ

प्रिय समीक्षा,

पाकीट फोडताना मागची कड नीट पाहिलीस ना? चिकटवल्यावर मी त्या कडेवरून आडवी सही केली आहे. सहीचे दोन्ही तुकडे जुळत नसतील तर वाटेत कुणीतरी पत्र उघडून वाचलं असं समज. तू हसशील. बाबा आता पोस्टमनवरही संशय घेऊ लागले, असं आईला सांगशील. घेतो. ज्या माणसाने एकतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंटचं काम केलं, त्याला काच पुसायची आणि माणसं तपासायची सवय लागतेच. काल फोनवर मी एवढंच म्हणालो की माझं पत्र हाती पडेपर्यंत त्या तक्रारीवर सही करू नकोस, आणि तू ‘काहून?’ विचारायच्या आत फोन ठेवला. कागदाचा फोटो काढून मोबाइलवर पाठवला असता तर तुला मिनिटात मिळाला असता, हे मलाही कळतं. पण मला हे माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी तुझ्या हातात द्यायचं होतं. तुझी शाळा हिंदीत झाली, मराठी तू अडखळत वाचतेस, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. पहिल्यांदा एकटी वाच.

इकडचं बरं आहे. आईचा गुडघा पावसात थोडा कुरकुरतो, पण ती ऐकते कुठे. शेजारच्या चैतरामने नवी भिंत घातली. ती आपल्या बाजूला चार बोटं सरकली आहे असा माझा संशय आहे. मी रोज सकाळी टेपने मोजतो, रोज ती बरोबर भरते, तरी माझं समाधान होत नाही. तुला लॅबमधलं फुटतूट रजिस्टर आठवतं? काही फुटलं की मी ते काढायचो. तारीख, वस्तू, फोडणाऱ्याचं नाव, सही. सिंकमध्ये फुटका बीकर सापडला आणि कुणी कबूल झालं नाही, तर मी ओळीने मुलांची तोंडं पाहायचो आणि त्यातलं एक नाव लिहायचो. मी कधी चुकलो नाही असं मला वाटायचं. चुकलो असतो तर सांगणारं कोण होतं? तू स्टोअररूममधल्या स्टुलावर बसून हे सगळं पाहायचीस. एकदा विचारलंस, “बाबा, तुमाले कसं समजते?” मी म्हणालो, “चेहऱ्यावर लिवलं असते.” तुला ते फार आवडलं होतं.

तुझं काम मला पुरतं कळतं असं मी म्हणणार नाही. मागच्या दिवाळीत अंगणात बसून तू मला आणि आईला समजावलं होतंस. पेशींच्या भिंतीत बारीक नळ्या असतात, त्यातून पाण्याचा कण जातो पण मीठ जात नाही, आणि तुम्ही पुण्यात तशाच नळ्या स्वतः तयार करता. मी म्हटलं, म्हणजे वारासिवनीच्या राइस मिलमधली चाळणी. तू म्हणालीस, नाही. चाळणी कुणीतरी विणतो. इथे रेणू आपणहून एकावर एक रचून उभे राहतात, एकमेकांचा हात धरल्यासारखे, आणि मधे पाण्यापुरती वाट ठेवतात. धरलेला हात घट्ट नसतो, कुठे गाठ नसते, तरी रांग टिकते. गाठ नाही आणि टिकते, हे ऐकून मला पहिला संशय तुझ्या विज्ञानावरच आला. धरून कोण ठेवतं, असं मी तीनदा विचारलं. शेवटी कंटाळून तू म्हणालीस, “कोनी नाही बाबा, त्यायचा त्यायचा भरोसा.” आपण तिघंही हसलो होतो.

त्याच दिवाळीत लोकेशचं नाव पहिल्यांदा कानावर आलं. कटंगीकडचा मुलगा, तुझ्याच मॅडमच्या हाताखाली, शेजारच्या टेबलावर काम करणारा. आपल्या बोलीत बोलायला कुणीतरी आहे म्हणून तुला बरं वाटतं, असं तू म्हणालीस. पुढे प्रत्येक फोनमध्ये तो येऊ लागला. लोकेशने पंप दुरुस्त करून दिला, लोकेशच्या डब्यात लाखोरीची भाजी होती. एक दिवस मी त्याचं आडनाव विचारलं. तू सांगितलंस. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन आईकडे दिला.

मग श्रावणात तू पाणी मागवलंस, उकव्याच्या मँगनीज खाणीखालच्या नाल्याचं. तुमच्या नळ्या मीठ अडवतात हे ठरलं होतं; खऱ्या मातीतून आलेल्या पाण्यातलं मँगनीज त्या अडवतात का, ते तुला पाहायचं होतं. तीन रिकाम्या बाटल्या आल्या, सोबत सूचनांचा कागद. साबण लावू नका, गाळू नका, काही घालू नका. मी बसने उकव्याला गेलो, खाणीत कामाला असलेल्या माझ्या मावसभावाला, टिकारामला, बरोबर घेतलं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून बाटल्या भरल्या. पाणी लालसर, गढूळ होतं. घरी आणून त्या पाण्याच्या ओट्यावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी खोकं आणायला बाजारात गेलो. परत आल्यावर बाटल्या गुंडाळल्या, चिकटपट्टी लावली, तिच्यावर सही केली. पाणी निवळलेलं दिसत होतं. गाळ रात्रीतून खाली बसला असेल असं मला वाटलं. तळाशी खरोखर गाळ आहे का, ते मी पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी तुझा फोन आला. नळ्यांमधून सोडण्याआधीच पाण्यात ॲल्युमिनियम निघालं होतं, आणि इतकं, की मॅडम म्हणाल्या, हे नाल्यातलं नाही, यात कुणीतरी काही घातलं आहे. सहा महिन्यांचं तुझं काम त्या तीन बाटल्यांपाशी अडलं. बाटल्या ज्या फ्रिजमध्ये होत्या त्याची किल्ली फक्त तुझ्याकडे आणि लोकेशकडे. त्याच्या टेबलावर ॲल्युमिनियमच्या क्षाराची बाटली. तू रडत होतीस, पण तू त्याचं नाव घेतलं नव्हतंस. ते मी घेतलं. वही कुलपात ठेव, त्याच्याशी बोलणं बंद कर, कोण कधी फ्रिज उघडतं ते लिहून ठेव, असं मीच सांगितलं. तू म्हणालीस, तो तसा नाही. मी म्हणालो, “पोरी, चोर कपायावर लिवून फिरत नाही.” आठ दिवसांनी तूच म्हणालीस, “बाबा, तुम्ही सही बोलत होते.” लिहायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. आता पुढच्या शुक्रवारी तुमच्या संस्थेच्या समितीपुढे तुझी लेखी तक्रार जाणार, आणि ती गेली की लोकेशची जागा जाणार.

तक्रारीत कुठे भोक राहू नये म्हणून मी ठरवलं, बाटल्यांचा इकडचा सगळा प्रवास लिहून द्यावा. इकडे काही झालं नाही, म्हणजे तिकडेच झालं, असं दाखवायला. टिकारामला फोन करून उलटसुलट विचारलं. तो चिडला. मी का त्यात थुकलो, म्हणाला, आणि दोन दिवस माझा फोन उचलला नाही. कुरिअरच्या दुकानात जाऊन पावतीवरचं वजन तपासलं, तिथल्या माणसाला खोकं कुठे ठेवलं होतं ते दाखवायला लावलं. बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं, तेही आठवून लिहिलं. दोन पानं भरली. आपल्या घराचं नाव त्या दोन पानांत कुठेही नव्हतं.

काल सकाळी नळाला मातकट पाणी आलं. आई ओट्यावर बसून बादलीत फिटकरी फिरवत होती, दर पावसाळ्यात फिरवते तशी. तिच्या बाजूने मी रोज जातो. काल माझा पाय थांबला. तिकडे पुण्यात जिला तुरटी म्हणतात तो हा पांढरा खडा मी एकतीस वर्षं मुलांच्या ट्रेमध्ये ठेवत आलो. त्यात कोणता धातू असतो ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मी आईला बाटल्यांचं विचारलं. तिने मानही वर केली नाही. हौ म्हणाली, मी बाजारात गेलो तेव्हा तिने तिन्ही बाटल्या हंड्यात ओतल्या, फिटकरी फिरवली, पाणी निवळू दिलं, धुतलेल्या लुगड्यातून गाळलं आणि परत भरलं. आणि वर मलाच म्हणाली, “मंग का गढूळ पानी धाडू पोरीले? तिथचे लोक म्हनतीन, हे घरी असंच पेतेत.” सूचनांचा कागद तिला वाचता आला असता. पण तो माझ्या खिशात होता, कारण महत्त्वाचा कागद मी कुणाच्या हाती देत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं मी सगळं गाव पालथं घातलं.

आईला यातलं काही बोलू नकोस. लेकीकडे स्वच्छ पाणी पाठवलं म्हणून ती अजून समाधानात आहे. मी आज दुपारच्या बसने उकव्याला जातो आहे. टिकाराम येतो म्हणाला, रुसूनच, पण येतो म्हणाला. नव्या बाटल्या भरल्या की तिथूनच पाठवीन, घरी आणणार नाही.

पण फिटकरीचं काय, ते फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. आपण कुणबी, आणि लोकेश मेश्राम बौद्ध घरातला, हे तू आडनाव सांगितलंस तेव्हाच मला कळलं होतं, आणि तू त्याच्याकडे ओढली जाते आहेस या भीतीने मी त्या दिवशी फोन आईला दिला. त्यानंतर तो मुलगा कसा आहे ते मी पाहिलंच नाही. मी निमित्त शोधत होतो, बाटल्यांनी ते आणून दिलं. तू म्हणत होतीस तो तसा नाही, आणि मी तुझ्या तोंडून तो तसा आहे असं वदवून घेतलं. तुला मी चेहऱ्याचं सांगत आलो, समू, पण त्याचा चेहरा मी आजवर पाहिलेला नाही. हे पत्र आधी मॅडमना दाखव. मग लोकेशला स्वतः वाचून दाखव, हा भागसुद्धा, यातलं काही गाळू नकोस. त्याने माफ करावं असं मी म्हणत नाही, तो त्याचा प्रश्न. तुमच्यात काय आहे तेही मी विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर या वेळी मी फोन आईकडे देणार नाही. रजिस्टर कॉलेजातच राहिलं, म्हणून ओळ इथे भरतो. तारीख आजची. फुटलेली वस्तू, तुम्हा दोघांचा भरोसा. फोडणाऱ्याचं नाव, खेमराज भोयर. सही खाली केली आहे.

तुझाच,
बाबा
(खेमराज भोयर)