बत्तीस घरांचा भात

प्रिय चारुशीला,

‘प्रिय’ लिहिलं, कारण शाळेत पत्र तसंच शिकवलं होतं. चौथीपर्यंतच गेले, तेव्हा अक्षराला हसू नकोस. लेकीकडून लिहून घेतलं असतं, पण मग अख्ख्या बौद्धवाडीत झालं असतं. म्हणून स्वतःच बसले. दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाय नि आता एकदम पत्र, हे माझं मलाच कळत नाय.

आधी रविवारच्या मेळाव्याचं. महाडहून आलेले ते अवधूत सर माणूस वाईट नाय. आपल्याला हात धरून गोल उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या, तेवढं मी सोसलं. पण सलोखा करायचा म्हणून तुमच्या वरच्या आळीतून नि आमच्या वाडीतून प्रत्येक घराकडून मूठभर तांदूळ मागितला, नि बत्तीस घरांचा तांदूळ एकाच टोपात! कुणाचा जुना, कुणाचा नवा, कुणाचा रेशनचा, कुणाचा तांबडा. चुलीपाशी बसलेल्या एकूणएक बाईला कळत होतं की हा भात धड शिजायचा नाय. पण एक तोंड उघडेल तर शपथ. आमच्यातल्या कुजबुजल्या, आपण बोललो तर वरच्या आळीला वाटेल, ह्यांनाच आपल्यात मिसळायचं नाय. तुमच्यातल्यांच्या मनातही तेच असणार. शेवटी तू सरकत माझ्याजवळ आलीस नि म्हणालीस, “उज्वला, खाली लगदा नि वर कचकच होणार गो. सांग त्यांना.” दोन वर्षांनी तुझ्या तोंडून माझं नाव ऐकलं, नि मी काय म्हणाले? “तू सांग. गाव तुमचाच हाय.” का म्हणाले? जिभेवर आलं ते गेलं सुटून. तू चुलीत लाकूड सारलंस.

मग पंगत बसली. सगळे तो भात कचाकचा चावतायत नि सरांना सांगतायत, छान झालाय. तुझ्या दाताखाली कच्चं आलं, माझ्याही आलं, नजरानजर झाली नि तू पदर तोंडात कोंबून हसलीस. मी पण हसले. हसता हसता बाजूला बघितलं तर आमच्या ह्यांची काठी भिंतीला टेकलेली. नवऱ्याचा पाय ज्या दगडानं मोडला, तो दगड मारणाऱ्याच्या आईबरोबर मी हसतेय. कसली बाई मी? आणि हसू तर खोटं नव्हतं.

आपल्याला एकत्र बसवायला कोण सर लागत नव्हते गो. तळीयेला दरड आली तेव्हा रस्ता उघडल्या उघडल्या तुझ्या पडवीत बसून आपण दोघींनी भाकऱ्या थापल्या. माझ्या वाडीचं पीठ, तुझ्या आळीचं पीठ, टेम्पोत सगळ्या भाकऱ्या एकाच गाठोड्यात गेल्या. लावणीला एक दिवस तू माझ्या खाचरात, एक दिवस मी तुझ्या. कंबर मोडली की तू सासूला शिव्या द्यायचीस नि मी दिराला. मग ती आमच्या वाडीची जयंतीची मिरवणूक तुमच्या देवळासमोरून जायला लागली, नि काय झालं ते तुला ठाऊक हाय. दगड मारताना तुझ्या स्वराजचा हात मी बघितला. तोच हात लहानपणी चिखलातून चालताना माझं बोट धरायचा. म्हणून पोलिसांपुढं नाव घेताना माझी जीभ जड झाली. पण घेतलं.

रविवारी तोच स्वराज पंगतीत आमटी वाढत होता. एकेकाला वाढत आला नि आमच्या ह्यांच्या पत्रावळीपाशी थबकला. डाव तसाच धरून पुढच्याला वाढून गेला. ह्यांनी कोरडा भात खाल्ला. त्याला लाज वाटली की अजून राग हाय? ते डोळे मला वाचता आले नाय. तू आई हायस, तुला आले असतील.

जेवणं झाली, फोटो झाला, नि सरांनी पिशवीतून केस मिटवायचा कागद काढला. म्हणे, गुरुवारी पोलादपूरला येऊन सही करा, आता मनं जुळली. ह्यांना विचारलं तर म्हणाले, तू बघ. मी काय बघू? न शिजलेला भात खाल्ला म्हणून पाय सरळ होतो का? पण सही नाय केली तर तुझा पोरगा कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार, त्याची नोकरी अडणार, हे पण डोक्यातून जात नाय.

आता खरं सांगते. तू जबाबात म्हणालीस, त्या दिवशी स्वराज शिवथरला मावशीकडे होता. चारुशीला, त्या सकाळी तूच त्याच्या हाती माझ्याकडे भाजीला फणस धाडला होतास. माझ्या दारात तो पाणी प्यायला. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाय, ह्यांना पण नाय. दगड सांगितला, फणस गिळला, कारण फणस सांगितला असता तर तू खोटी पडली असतीस. गुरुवारी मी सही करणार नाय. कोर्टात विचारलं तर फणस पण सांगेन. हे तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिलं. त्याच्याआधी वाटलं तर स्वराजला घेऊन माझ्या घरी ये. काय केलं ते त्यानं ह्यांच्या तोंडावर बोलावं, नि राहिलेली आमटी वाढावी. मग कागदाचं काय करायचं ते ह्यांनी ठरवावं, सरांनी नाय. येशील तर तांदूळ आण. एकाच घरचा आण. शिजवते मी.

तुझी म्हणू की नको, ते तू आल्यावर ठरेल,
उज्वला