चारशे आठ गाण्यांचा बॅकअप

८ जून, रविवार. सकाळी ९.
आज बॅकअपचा वार. दोन सेकंदांत झाला. डिस्क चांगली निघाली, एवढं मात्र खरं. वर्षभरात एकही रविवार चुकलेला नाही. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर बावन्न फोल्डर, प्रत्येकावर तारीख. धुळ्यात एवढी शिस्त आणखी कोणाकडे असेल, शंका आहे. हेड क्लार्क म्हणून रिटायर झालो, पण माझी लाइन खरं तर आयटी.

दिपमालाचं पुस्तक होत आलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यातली शेवटची चौदा ती अमळनेरकडच्या खेड्यांत फिरून म्हाताऱ्या बायकांकडून अहिराणी गाणी गोळा करते आहे. लग्नातली, जात्यावरची, कानबाईची. एकूण चारशे आठ. शाळा सांभाळून सगळी स्वतः टाइप केली. रेकॉर्डरवरचे आवाजही कॉम्प्युटरमध्येच. तीस जूनला प्रेसला द्यायची, म्हणजे कानबाईच्या सणाआधी पुस्तक हातात येईल. तांत्रिक विभाग माझ्याकडे. प्रस्तावनेत माझं नाव असेलच. विचारलं नाही.

९ जून
कॉम्प्युटर फार स्लो. दिपमालाने एक शब्द बदलला, तो स्क्रीनवर यायला तिचा चहा पिऊन झाला. तिने तक्रार केली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.
यावर उपाय एकच. फॉरमॅट. मुळापासून स्वच्छता.

१० जून. दुपार.
दिपमाला म्हणाली, आता तीन आठवडे राहिलेत, कशाला हात लावता, आणि लावायचाच तर बॅकअप नक्की आहे का तो आधी बघा. मी शांतपणे आठवण करून दिली की जानेवारीत तिच्यासमोर डिस्क जोडून उघडून दाखवलं होतं. चारशे आठच्या चारशे आठ गाणी दिसली. अमळनेरकडच्या बेबाबाईंचं एक तर तिने वाजवून ऐकलंही. आणखी काय पुरावा हवा?
ती म्हणाली, बरं.
दिवाळीत वह्यांच्या वेळीही असंच. तिच्या अकरा वह्या माळ्यावर धूळ खात होत्या. मी म्हटलं, सगळं टाइप झालंय, कागदाचा जमाना गेला. रद्दीत दिल्या. तेव्हाही आधी कुरकुर, मग बरं.

११ जून
फॉरमॅट केला. सी, डी, दोन्ही. नवं विंडोज टाकलं. संपूर्ण प्रक्रिया एकट्याने. कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळतोय. उद्या सकाळी रिस्टोर, पंधरा मिनिटांचं काम.

१२ जून. सकाळी १०.
डिस्क दिसत नाही.
वायर काढून पुन्हा लावली. दिसत नाही. मागच्या बाजूला लावली. दिसत नाही. डिस्कचा दिवा लागतो, म्हणजे ती जिवंत आहे. केबल जुनी असावी. अशा वेळी गोंधळून जायचं नसतं.

दुपारी ४. नवी केबल आणली. दिसली! केबलवरच माझा संशय होता.

सायंकाळी ५. बावन्न फोल्डर जागेवर. शेवटचा उघडला. आत दिपमालाच्या गाण्यांचं चिन्ह, त्याच्या कोपऱ्यात छोटा बाण. क्लिक केलं. ही वस्तू हलवली किंवा बदलली गेली आहे, असा मेसेज. मी काहीही हलवलेलं नाही. जूनचा एखादा फोल्डर खराब झाला असेल, मे पाहू.

सायंकाळी ६. मे तसाच. मार्चही.
सायंकाळी ७. जानेवारीचाही. हा तोच, जो उघडून दाखवला होता.
दिपमालाने विचारलं, झालं का. म्हटलं, सुरू आहे. यात खोटं काही नाही.

१३ जून
अँटिव्हायरस बंद करून पाहिला. चालू करून पाहिला. तीन वेळा रिस्टार्ट. मधे दीड तास लाइट नव्हती. त्या दीड तासात बरं वाटलं.

१५ जून, रविवार
बॅकअप घेतला नाही. घेण्यासारखं काही नाही.
दिपमाला डायनिंग टेबलावर प्रस्तावना लिहिते आहे. हाताने. कागद मीच आणून दिले.

१७ जून
डिस्क पिशवीत घालून हसीबच्या दुकानात गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंधरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एरवी मी त्याच्याकडे जात नाही, तो प्रत्येक गोष्ट फार सोपी करून सांगतो.
त्याने डिस्क जोडली, एका फोल्डरवर राइट क्लिक केलं. मग विचारलं, काका, तुम्ही बॅकअप कसा घ्यायचे? सांगितलं, डेस्कटॉपवरचं गाण्यांचं चिन्ह उचलायचं आणि डिस्कवर कॉपी करायचं. तो म्हणाला, काका, तो शॉर्टकट. दोन केबी. गाणी डी ड्राइव्हमध्ये होती. "हे घर नाही काका, घराचा पत्ता आहे. बावन्न वेळा पत्ताच लिहून ठेवलाय तुम्ही."
मी जानेवारीचं सांगितलं. तेव्हा कशी उघडली? तो म्हणाला, तेव्हा घर जागेवर होतं ना. पत्त्यावर गेलात, घर सापडलं.
हसीबचा अनुभव कमी पडतो. दुसरं मत घ्यावं.

१८ जून
दुसरं मतही हसीबनेच सुचवलं. त्याचा मावसभाऊ जहांगीर, जळगावला, पुसलेला डेटा परत काढून देतो. फक्त कॉम्प्युटरच्या आतली डिस्क लागेल, बाहेरचीचा उपयोग नाही, असं म्हणाला. वर, फॉरमॅटनंतर कॉम्प्युटर वापरला नसता तर बरं झालं असतं. लोकांना मागाहून फार सुचतं.
दिपमालाला सांगितलं, पेन्शनच्या कामाला जळगावला जाऊन येतो. तिने डबा दिला. भरीत आणि कळण्याची भाकरी.

१९ जून. एसटीत.
पारोळ्यापर्यंत उभा. हसीबने काढून दिलेली आतली डिस्क टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे. म्हटलं, गाणी.

जहांगीर चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. मी फॉरमॅटची प्रक्रिया सविस्तर सांगितली. त्याने मधेच विचारलं, क्विक का फुल? मी म्हटलं, फुल. अर्धवट काम मी करत नाही. त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, चार दिवस द्या, पण आशा धरू नका.
हा त्याच्या धंद्याचा भाग असावा. आधी घाबरवायचं, मग काढून द्यायचं.

२३ जून
जहांगीरचा फोन. एक हजार एकशे बारा फायली परत मिळाल्या! मी म्हटलंच होतं.
दिपमालाला म्हणालो, काम नव्वद टक्के झालं आहे. तिने विचारलं, पेन्शनचं? म्हटलं, एकूणच.

२४ जून. जळगाव.
एक हजार एकशे बारापैकी एक हजार नव्वद माझ्या गुड मॉर्निंगच्या. गुलाब, सूर्योदय, वाफाळता कप. एकही खराब झालेली नाही. जहांगीर म्हणाला, काय वाचेल हे आपल्या हातात नसतं.
उरलेल्या बावीसमध्ये गाणी आहेत. एकोणीस उघडली तर नुसते चौकोन. तिनांत आवाज आहे. एकात दहा सेकंद बांगड्या वाजतात आणि कोणीतरी म्हणतं, "थांब माय, घसा सुकना." पुढे काही नाही.
ते त्याच्या दुकानात तीनदा ऐकलं. जहांगीरने पाणी आणून दिलं आणि हिशोबाचं काही बोलला नाही.
नशिराबादपर्यंत गेल्यावर लक्षात आलं, बस भुसावळची होती. उतरून परत आलो.

२६ जून
सांगायचं ठरवलं. संध्याकाळी. ती देवापुढे दिवा लावत होती, अशा वेळी नको.

२७ जून
आज तिचं डोकं दुखत होतं. उद्या नक्की.

२८ जून. दुपारी १.
तीच म्हणाली, परवा प्रेसला जायचंय, पेन ड्राइव्हमध्ये टाकून द्या. मी विंडोजचे अपडेट, केबलचा दर्जा, लाइटचा भरवसा नसणं, इथून सुरुवात केली. ती म्हणाली, अहो, गाणी आहेत की नाहीत?
म्हटलं, नाहीत.
तिने गॅस बंद केला. कुकरची शिट्टी व्हायची होती. खुर्चीवर बसली. म्हणाली, वह्या? मग स्वतःच म्हणाली, हो, वह्या दिल्या. मग म्हणाली, रेकॉर्डर मोकळा कर असंही तुम्हीच सांगितलं होतं.
मी म्हटलं, शॉर्टकटच्या चिन्हावरचा बाण फार बारीक असतो.
ती उठून आत गेली. कुकर मी लावला.

३० जून
प्रेसला तिने फोन केला. यंदा जमणार नाही, एवढंच बोलली. कारण सांगितलं नाही. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

२ जुलै
तिने कागद घेऊन नावं लिहिली. गाणी दिलेल्या बायकांची, सव्वीस. मग एकेका घरी फोन करत नावांवर काट मारत गेली. संध्याकाळी सात उरल्या. मी चहा केला. तिने घेतला.

३ जुलै. अमळनेरच्या एसटीत.
मला चला म्हणाली नव्हती. मीच निघालो. नवा रेकॉर्डर घेऊ का, विचारलं. तिने पर्समधून शंभर पानी वही आणि दोन पेनं काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. फक्त लिहायचं.

रात्री ८. घरी.
बेबाबाई सत्त्याऐंशीच्या आहेत. खाटेवर बसलेल्या. दिपमालाला ओळखलं, गालावरून हात फिरवला. गावातल्या बाकीच्यांचं विचारल्यावर म्हणाल्या, "बठ्ठ्या गयात वं माय." सगळ्या गेल्या. मग माझ्याकडे बघून, "हाऊ कोन शे?" मी ओळख करून देणार होतो. त्याआधी दिपमाला म्हणाली, "हाऊ लिखस."
त्यांनी गायला घेतलं. आवाज बारीक, पण सूर पक्का.

दूर शे मन्हं माहेर, वाटवर बाभूयनं बन

आणि थांबल्या. पुढचं आठवेना. ओठ हलत होते. मी पेन धरून बसलो. दिपमालाने त्यांचा हात हातात घेतला आणि तिनेच उचललं,

भाऊ दिखना वाटवर, गार व्हयनं मन्हं मन

बेबाबाई हसल्या आणि पुढची ओळ त्यांना आली. मग दोघी एकमेकींना आठवण देत दुपारभर म्हणत राहिल्या. कधी एकीचं अडे, कधी दुसरीचं. एक गाणं दोघींनाही पुरं आलं नाही, ते तसंच सोडलं. मी पस्तीस वर्षांत दिपमालाला गाताना ऐकलं नव्हतं. गाणी टाइप करते, एवढंच माहीत होतं.

आज सात गाणी लिहिली. घरी आल्यावर तिने वही घेतली, चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचलं. पाचव्या गाण्यातल्या दोन ओळी लागल्या नाहीत. वही माझ्यापुढे धरून विचारलं, हे काय लिहिलंय.
मलाही लागलं नाही.